छुट्टी होईपर्यंत

आर. के. पुरमच्या एका शाळेत रेवती दुसरीला शिकवायची आणि तिचा सुधन्वा तिथेच पाचवीत होता. पोरांनी चिडवू नये म्हणून तिनं त्याला बजावून ठेवलं होतं, "छुट्टी होईपर्यंत मी आई नाही, मॅम. आणि मराठी बिल्कुल नाही, हिंदीच."

त्या दिवशी गेटवरच्या गार्डचं डोकं फोडून एक माणूस लोखंडी रॉड घेऊन आत घुसला. सायरन वाजताच रेवतीनं ड्रिलमध्ये शिकवल्याप्रमाणे वर्गाला कडी घातली आणि मुलांना बाकांखाली बसवलं. बाहेर काचा फुटत होत्या, किंकाळ्या उठत होत्या. तेवढ्यात दारावर थापा पडू लागल्या.

"मॅम, दरवाज़ा खोलिए. प्लीज़, मॅम."

सायरनमध्ये आवाज कुणाचा ते कळेना. तिचा हात कडीपर्यंत गेला. पण कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही, असा नियम होता, आणि आत वर्गभर चिमुरडी होती. तिनं हात मागे घेतला. रॉडचा एक घाव दारावर बसला. दुसरा दारावर बसला नाही. थापा थांबल्या.

पोलिसांनी हाक दिल्यावर तिनं कडी काढली.



उंबऱ्याशी रक्तात पडलेल्या सुधन्वानं तिच्याकडे पाहत कसंबसं विचारलं, "छुट्टी हो गई, मॅम?"