आभाराचे दोन शब्द

"मुलगी आहे ना? मग कशाला एवढी ओढाताण!" दिवाकर सर माईकमध्ये हसले आणि सायखेड्याच्या शाळेचा अख्खा हॉल त्यांच्याबरोबर हसला.

हसल्या नाहीत त्या एकट्या सुमेधा मॅडम. बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना कॉलेजप्रवेशाचं नियोजन समजावं म्हणून हा कार्यक्रम त्यांनीच घडवून आणला होता. नाशिकच्या या नामांकित समुपदेशकाची तारीख मिळावी म्हणून फोन करकरून त्यांनी त्याला भंडावून सोडलं होतं. आणि कुणासाठी? तर प्रश्न विचारायला उठलेल्या या गोरक्षभाऊंसाठी. त्यांच्या वैष्णवीला सीईटीत असे मार्क पडले होते की पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तिला दारात उभं राहून बोलावत होतं. पण भाऊंचं आपलं एकच, पोरीला येवढ्या लांब नाय ठेवायचं. समजावून समजावून मॅडमचा घसा बसला, तेव्हा कुठे ते एवढ्यावर आले होते, "तुमचे ते नाशिकचे सर येऊ राहिले ना? ते म्हणतील तसं करू."

तासभर सर झकास बोलले, हे कबूल करायलाच हवं. कॉलेजांची पसंती भरताना सगळ्यात अवघड कॉलेज एक नंबरला टाका, आपल्याला कुठलं मिळतंय म्हणून खाली ढकलू नका, एवढं त्यांनी पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं. मग कुणाला काही विचारायचंय का म्हणाले, आणि गोरक्षभाऊ टोपी सावरत उठले. लेकीचे मार्क सांगितले, पुणं एक नंबरला टाकावं का म्हणून विचारलं. मार्क ऐकून सरांच्या भुवया वर गेल्या होत्या. मुलीचे आहेत म्हटल्यावर त्या परत जागेवर आल्या.

"नाशिकला काय कॉलेजं कमी आहेत का, भाऊ?" सर अजून हसतच होते. "सकाळी बसने गेली, संध्याकाळी घरात. तुमच्या जिवाला घोर नाही. शेवटी चार वर्षांनी अक्षताच टाकायच्या ना? मग बिनधास्त नाशिक लिहा एक नंबरला."

टाळ्या पडल्या. चक्क टाळ्या! गोरक्षभाऊ डोक्यावरचा भार उतरल्यासारखे खाली बसले आणि 'ऐकलं ना मॅडम?' अशा नजरेने त्यांनी स्टेजकडे पाहिलं. शेजारी वैष्णवीने मान खाली घातली, ती वर काढलीच नाही.

सुमेधा मॅडमची कानशिलं तापली. तासभर पोरांना आभाळ दाखवायचं आणि पोरीची पाळी आली की तिच्या डोक्यावर छप्पर घालायचं! कुणी दिला या माणसाला हा हक्क? आणि पाहुणा म्हणून आता याचेच गोड गोड आभार मानायचे?

"मॅडम, आभार उरका लवकर," प्राचार्य कानाशी लागले. "चहा तयार आहे."

मॅडम उठल्या. लिहून आणलेला कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला. माईकवाल्याचे आभार मानले, खुर्च्या लावणाऱ्या शिपाईमामांचे मानले, चहा करणाऱ्या ताईंचे मानले. तोवर निम्मा हॉल खुर्चीखालच्या चपला पायाने चाचपू लागला होता. आभार ऐकायला आपल्याकडे कोण मन लावून बसतं!

"आणि दिवाकर सरांच्या कन्या अपूर्वाताई, त्यांचे मी अगदी मनापासून आभार मानते."

चपला चाचपणारे पाय थांबले. सरांनी चमकून वर पाहिलं.

"सकाळी नाशिकहून सरांच्याच गाडीतून येताना अपूर्वाताईंचा व्हिडिओ कॉल आला होता. सरांनी कौतुकाने माझीही ओळख करून दिली. अपूर्वाताई जर्मनीत शिकतात. बारावी झाल्या झाल्या गेल्या, एकट्या. तिकडे नुकतं उजाडत होतं आणि त्या स्वतःचा डबा भरत होत्या. फोन ठेवल्यावर सरांचे डोळे भरून आले होते. मला म्हणाले, 'मॅडम, काळजावर दगड ठेवून लांब पाठवली, पण पोरीचं सोनं झालं.' सर, एवढं चांगलं वाक्य आज तुमच्या भाषणात राहून गेलं. ते तुमच्या वतीने मी पालकांपर्यंत पोचवते, आणि थांबते."

सरांनी पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं, न पिताच परत लावलं.

"तो... तो विषय वेगळा आहे, मॅडम," ते माईकशिवायच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

प्राचार्य लगबगीने पुढे झाले. "चला मंडळी, चला! चहा घ्या, गार होऊ राहिला."

पुढच्या रांगेतले दोघेतिघे उठले आणि मागे बघून परत बसले. गोरक्षभाऊ पुन्हा उभे राहिले होते. या वेळी टोपी त्यांच्या हातात होती आणि वैष्णवी मान वर करून बापाकडे बघत होती.

"सर, वेगळा कसा?" भाऊ म्हणाले. "ती बी पोरगी, ही बी पोरगी. तेवढं सांगा आधी. च्या मंग घेऊ."