कॅमेऱ्याची मूठ

लाऊडस्पीकरवरून सक्तीच्या लष्करी सेवेसाठी आलेल्या नव्या पोरांना मैदानात उतरायला सांगितलं, तसा हान्सोल उठला. छावणीत मोबाइल चालत नाही म्हणून स्वतःचा मोबाइल त्याने आईच्या पर्समध्ये टाकला आणि परवाच भादरून घेतलेल्या डोक्यावरून हात फिरवला. पायऱ्यांवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या वडिलांसमोर तो जरा घुटमळला.

"बाबा, सलामी झाली की आमची रांग बरोबर इथून, खालून जाईल. मी वर बघेन. तेव्हा फोटो काढा."

"काढतो. मान ताठ ठेव," प्यो गिल्सू म्हणाला. पोराला जवळ घ्यावं असं त्याला फार वाटलं, पण हात पिशवीवरून काही उठले नाहीत.

फोटोचं हे सकाळपासून चाललं होतं. छावणीच्या गावी, नोन्सानला उतरल्यावर खानावळीत जेवताना हान्सोल खुर्ची सरकवून बापाला खेटून बसला होता, तिघांचा एक काढू या म्हणाला होता. गिल्सूने उडवून लावलं. टकल्याचा फोटो खानावळीत कशाला? मैदानावर काढू, मुठीने काढू, झकास येईल.

ही मूठ म्हणजे मोबाइलचं बूड काढून त्या जागी बसवायचा एक जोड. तिला फोटो काढायचा खटका होता, चित्र जवळ-लांब करायची चकती होती, आणि ती लावली की मोबाइल हातात अगदी कॅमेऱ्यासारखा बसायचा. सुट्टीत एका खानावळीत ताटं उचलून हान्सोलने साठवलेला पगार या मोबाइलवर आणि मुठीवर घालवला होता. देताना त्याने बजावलंही होतं की बाबा, ही लावूनच ठेवा, लावता-काढताना बॅटरी बाहेर येते आणि मोबाइल बंद पडतो. गिल्सूने हो हो म्हटलं आणि तिथल्या तिथे त्याच्याकडूनच मूठ काढवून खोक्यात ठेवून दिली. माणूस लाँड्रीवाला. आयुष्य लोकांच्या कोटांवर प्लॅस्टिक चढवण्यात गेलेलं, त्यामुळे घरचा सोफासुद्धा प्लॅस्टिकखालीच. लोकांकडे नव्याचे नऊ दिवस असतात, त्याच्याकडे नऊ वर्षं असत.

मैदानात पोरांनी आईबापांकडे वळून सलाम ठोकला. कुणाचा हात वर, कुणाचा खाली, एकाचा तर डावाच. पायऱ्यांवर आधी हसू फुटलं आणि मग हुंदके. रांगा हलल्या, बराकीच्या दाराकडे निघाल्या. गिल्सूच्या हातात मोबाइल तयार होता, कॅमेरा उघडलेला होता, नुसता अंगठा टेकवायचा अवकाश होता.

पण असा साधा कसा काढायचा? पोराला मुठीचा कबूल केला होता. त्याने घाईघाईने खोकं काढलं, मुठीवरचं प्लॅस्टिक दातांनी फाडलं आणि मोबाइलच्या कडेचं बारीक बटण दाबलं. बूड बॅटरीसकट हातात आलं. पडदा काळा झाला.

तेव्हा त्याला पोराचं बोलणं आठवलं. आता जुन्या बुडातून बॅटरी उपटायची आणि मुठीत बसवायची. ती काही सुटेना. अडकलेल्या चेनी रोज सोडवणाऱ्या त्याच्या बोटांना तिची कडच सापडेना.

"अहो, आली रांग," बायको म्योंगजा म्हणाली.

"थांब."

बॅटरी निघाली, मुठीत बसली. मूठ मोबाइलला बसली. त्याने बटण दाबून धरलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उजळलं, आनंदी गाणं वाजलं.

"अहो, राहू दे ते. वर तरी बघा."

"आलंच. हे बघ, चालू होतंय, आलंच."

चिन्ह एकदाचं गेलं. गिल्सूने दोन्ही हातांनी मोबाइल उचलला आणि खटका दाबला. मूठ खरंच छान होती, हात जरासुद्धा हलला नाही. मग त्याने मोबाइल बाजूला करून खाली पाहिलं. बराकीकडे जाणाऱ्या पाठी दिसत होत्या, आणि शेकडो भादरलेली डोकी.

"गेला?" त्याने विचारलं. म्योंगजा अजून बराकीच्या दाराकडेच बघत होती.

कॅमेरा मघाशी उघडाच होता. बरं, नसता काढला फोटो तरी काय बिघडत होतं, पोराला बापाचं तोंड तर दिसलं असतं. या विचाराने त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो मुकाट्याने रिकामं खोकं पिशवीत भरायला लागला.

खालच्या पायरीवर एक बाई डोळे पुसत होत्या. त्यांचं लक्ष मुठीकडे गेलं. रडण्याच्या नादात आपल्याला काहीच दिसलं नाही, तुमचा फोटो बघू का, असं त्यांनी संकोचत विचारलं. गिल्सूने मोबाइल पुढे केला आणि चकती फिरवली. डोकी मोठी मोठी होत गेली. बाई वाकून एकेक पाहत होत्या. एका डोक्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हा माझा. कानामागे चामखीळ आहे ना, हाच."

त्यांनी नंबर दिला, गिल्सूने फोटो पाठवला. बाईंनी पुन्हापुन्हा वाकून आभार मानले. एवढा चांगला फोटो आला, आता वर्षभर हाच बघत बसेन म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचा कुठला?"

गिल्सू चकती फिरवत राहिला, एकदा पुढे, एकदा मागे. म्योंगजाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आमचा या पाठींत नाही हो," ती बाईंना म्हणाली. "मागची पोरं ढकलत होती, तरी आमचा इकडेच तोंड करून गेला. पार दारातून आत जाईपर्यंत."