थर्ड शिफ्टची पहाट

लॅचमध्ये किल्ली फिरली आणि विजयश्रीचं बोट ओळीवरच थांबलं. साडेचारसुद्धा वाजले नव्हते. थर्ड शिफ्टचा, म्हणजे रात्रपाळीचा माणूस या वेळी घरी येतो तो एक तर आजारी पडून, नाहीतर काही लागून. ती तशीच स्वयंपाकघराच्या फरशीवरून उठली.

सुजित धडधाकट होता. डोळे तेवढे लाल, ते नेहमीचेच. हॉलमध्ये झोपलेल्या आईला आणि दोन्ही पोरांना ओलांडत तो चवड्यांवर आत आला.

"माल संपला, लाइन बंद ठेवली. लाइनवरच्या ज्ञानेशच्या गाडीवर आलो," तो कुजबुजला. "आणि ऐक. सुटलो एकदाचा! सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट. कायमची."

"अरे वा," विजयश्री म्हणाली. चेहऱ्यावर मात्र तिला काही आणता आलं नाही.

पुनावळ्याच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा नवरा थर्डला असला की बाकीच्या बायका लिफ्टमध्ये हळहळतात, आणि जिचा नवरा तिनंही मान हलवून हळहळायचं असतं. रीतच आहे तशी. गेलं वर्षभर सुजित थर्डला होता आणि विजयश्री रीतसर हळहळत होती. जरा जास्तच चांगली हळहळली, हे तिला आता कळलं.

कारण खरी गोष्ट अशी होती, की थर्ड शिफ्टनं तिला पहाट दिली होती. नवरा कंपनीत, डब्याची घाई नाही, सासू आणि पोरं झोपेत. तेवढा वेळ या घरात तिला कुणी हाक मारत नसे. कंबर धरलेली असायची, डोळे चुरचुरायचे, पहिली दोन पानं तर नुसती डोळ्यांपुढून जायची. पण मग तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं एखादं वाक्य उमजायचं, त्यातून दुसरं निघायचं, दोन्हींतून तिसरं, आणि ती एकटीच हसायची. दिवसभर या घरात जी बोलणी चालतात, त्यातल्या कशातूनच काही निघत नाही. फेब्रुवारीत ती बाहेरून बारावीला बसणार होती. पास तर व्हायचं होतंच. पण परीक्षा नसती तरी ती उठली असती, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि फर्स्ट शिफ्ट म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. उजाडायच्या आत चौकात कंपनीची बस. त्याआधी कणीक, भाजी, अंघोळीचं पाणी, डबा. रात्री वाचावं म्हटलं, तर पोरांचा गृहपाठ, सासूबाईंच्या गोळ्या आणि टीव्ही संपेपर्यंत तिची मान पडलेली असते.

"हिंदुरावसाहेबांच्या किती मागं लागलो, माहीत आहे का?" सुजित सांगत होता. हिंदुराव त्याचे सुपरवायझर. "शेवटी म्हटलं, साहेब, मी घरी नसलो की बायकोला झोप लागत नाही हो."

"असं सांगितलंत?"

"मग काय खोटं आहे? पहाटे कधीपण फोन केला तरी तू जागीच. पुस्तक घेऊन बसलेली असतेस बिचारी."

बिचारी हा शब्द विजयश्रीला लागला. रागही आला. पण रागवायचं कुणावर? समोर उभा होता तो माणूस वर्षभर रात्रीचा झोपला नव्हता. जेवताना घास हातात धरून डुलकी घ्यायचा. तिची पहाट त्याच्या झोपेवर उभी होती, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

"मला झोप लागते," ती म्हणाली. "चांगली लागते. मी ती मोडून उठते."

सुजितला कळायला वेळ लागला.

"म्हणजे थर्डच बरी होती तुला?"

"मला होती. तुम्हाला नव्हती."

"मग परत मागू?" तो चेष्टा करत नव्हता. तिनं हो म्हटलं असतं, तर माणूस खरंच हिंदुरावांपुढं जाऊन उभा राहिला असता.

"नको," विजयश्री म्हणाली. "मी तीनला उठेन."

"वेडी झालीस काय? मग झोपणार कधी?"

ती पुन्हा सिलिंडरला टेकून फरशीवर बसली. सुजित फ्रिजला पाठ लावून तिच्या शेजारी टेकला, पाय लांब केले, आणि पुस्तकाकडे हनुवटी करून म्हणाला, "एवढं काय असतं त्यात? वाच बघू."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. विजयश्रीनं घसा साफ केला.

"सर्व धातू विद्युतवाहक आहेत. तांबं हा धातू आहे. म्हणून तांबं विद्युतवाहक आहे."

"बरोबर आहे," सुजित म्हणाला, आणि त्याची मान कलंडली. पुढच्या ओळीला तो घोरत होता.

तिला ते कळलं. तरी ती थांबली नाही. या घरात सदा कुणीतरी झोपलेलं असे, त्यामुळं आजवर तिनं ओठ मिटूनच वाचलं होतं. आपला आवाज असा सरळ, न अडखळता जातो, हे तिला नवीनच होतं. ती पुढची ओळ वाचत गेली, मग त्याच्या पुढची.

हॉलमध्ये अंथरुणाची सळसळ झाली. सासूबाईंना, कौशल्याबाईंना, जाग आली होती.

"कुणाशी बोलायलीस गं, एवढ्या पहाटं?"

विजयश्रीनं शेजारी घोरणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"कुणाशी नाही, आई," ती म्हणाली. "माझं मी वाचतेय."