एका कानाखालचा खळगा

केरबा मिस्त्रीनं ते गुळगुळीत मासिक ऑफिसातल्या टेबलावर असं आपटलं, की अण्णांची चहाची बशी उडाली.

"वाच गं आदिती. काय लिवलंय त्या बाईनं, तुझ्या बापाला बी ऐकू दे!"

आदिती म्हणजे फाउंड्रीचे मालक श्रेणिकअण्णा यांची मुलगी. परदेशी गिऱ्हाइकांशी तीच बोलायची. तिनं खालमानेनं वाचलं. नॉर्वेच्या सिग्नेबाईंनी डिझाइन केलेल्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कढईला ऑस्लोत मोठं बक्षीस मिळालं होतं. परीक्षक भाळले होते ते कढईच्या एका कानाखालच्या खळग्यावर. चार बोटं अलगद बसतील असा खळगा. लहानपणी समुद्रकाठच्या खडकांवर चढताना बोटांना अशाच खाचा सापडायच्या, त्यावरून तो सुचला, असं बाईंचं म्हणणं.

"खडकावर चढताना!" केरबा कडाडला. "आयत्या बिळावर नागोबा! बाईच्या ड्रॉइंगात कान सरळसोट हुता, खालनं सुरीगत धार. खळगा आपल्या शेडात पडलाय. साच्यात ह्या हातानं कोरलाय मी त्यो. आनि बक्षीस घ्यायच्या येळंला हिला खडक आठवला व्हय?"

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई त्याच सकाळी कोल्हापुरात आलेली, आत्ता शेडमध्येच उभी होती.

"केरबा, पावणी हाय ती. गप बस की जरा. ऑर्डर जाईल हातातनं."

"न्हाय बसत. तीस वर्सं लाकडी साचं करतोय. एका तरी वस्तूवर माझं नाव हाय का, सांगा की!"

खोटं काय बोलला तो? त्याच्या साच्यांतून पंप निघाले, पुल्या निघाल्या, कुठं कुठं गेल्या. नाव नेहमी दुसऱ्याचंच. या कढईच्या खोक्यावर तर बाईची सही, बाईचा फोटो, बाईच्या कुत्र्याचासुद्धा फोटो. कुत्र्यानं काय कोरलं होतं? राग येणारच माणसाला.

केरबा तरातरा शेडमध्ये गेला. एक कढई उचलून त्यानं बाईच्या पुढ्यात धरली.

"बाई, ह्यो खळगा तुमचा न्हवं. माझा हाय."

मागोमाग आलेल्या आदितीनं ते इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. सगळ्यांचे हात थांबले. कोपऱ्यात कढयांच्या कडा घासणाऱ्या धोंडुबाईची कानस तेवढी चालू होती.

सिग्नेबाई कानापर्यंत लाल झाली. पण तिनं वाद घातला नाही.

आदिती तिचं बोलणं सांगू लागली. "म्हणतायत, बरोबर आहे. माझ्या ड्रॉइंगात खळगा नव्हता. तुमच्या पहिल्या नमुन्यांत तो आला, मला आवडला, कायम ठेवा म्हणून कळवलं. पुढं लोक विचारायला लागले, तशी मी गोष्ट रचली. माझं चुकलं. नाव सांगा, पुढच्या प्रत्येक खोक्यावर छापते."

बाईनं वही काढली. केरबाचा ऊर भरून आला. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याचं नाव विचारलं होतं. आदितीनं सांगितलं, बाईनं लिहून घेतलं. मग तिनं पेन वर धरलं.

"एकच विचारतायत," आदिती म्हणाली. "तीन वर्षं त्यांना कोडं पडलंय. खळगा एकाच कानाखाली का? दुसऱ्याखाली का नाही?"

केरबानं हातातली कढई उलटी करून पाहिली. साच्यात खळगा त्यानं कोरला होता खरा, पण नमुना बघून. नमुन्यात एका कानाला होता, यानंही एकाच कानाला कोरला. का, हे विचारावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. उलट ते नमुने पहिल्यांदा दिसले, तेव्हा यानंच शेड डोक्यावर घेतलं होतं. "उंदरानं खाल्ल्यागत कान केलाय! ड्रॉइंग कळतंय का तुला? सगळा माल नासवलास!" कुरिअरची गाडी दारात होती, म्हणून नमुने तसेच गेले.

कोपऱ्यातली कानस थांबली.

धोंडुबाई पदराला हात पुसत पुढं आली. केरबाच्या हातातली कढई तिनं डाव्या हातानं कानाला धरून काढून घेतली. चारी बोटं खळग्यात बसली. बोटांवर जुने वण होते, चारींवर एका रेषेत.

"कानाच्या धारंनं बोटं चिरायची माझी," ती म्हणाली. "म्हणून पयलं तेवढं घासून घ्यायची. एकाच कानाचं. दुसऱ्या हातात कानस असती की."

आदितीनं सांगितलं. बाईनं वहीतल्या केरबाच्या नावावर पेन टेकवलं.

"त्ये नाव खोडायला सांग तिला," धोंडुबाई म्हणाली. "माल नासला म्हणताना सगळ्या शेडासमोर ह्यानं माझंच नाव घेतलंतं. आता बी तेच लिवा."