नांगी

“वारा पडलाय, भाटकर. तुझ्या पाचही खलाशांना डेकवर काढ आणि कंटेनरचे रॉड आवळून घे,” जहाजाचे चीफसाहेब म्हणाले.

मी दारातून हललो नाही. मी बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम; अटलांटिकच्या हिवाळ्यात माझी अठरा वर्षं गेलीत. हवामानाच्या पडद्यावर वादळाचा ढग विंचवाच्या शेपटीसारखा वळला होता आणि आमचं जहाज नेमकं तिच्या टोकाखाली होतं.

“पडला नाही, साहेब. नांगी उचललीय त्यानं. तासभर थांबा.”

“घाबरलास? मग मालवणात मासे विकत बस.”

“बसेन. पण माझी माणसं बाहेर जाणार नाहीत.”

त्यांनी तिथंच पत्र लिहिलं: अकरा वाजता डेकवर जायचा हुकूम दिला, बोसन भाटकरनं मोडला. त्यांच्या सहीखाली माझी ठोकून मी कागद खिशात घातला.

वीस मिनिटांत वारा आभाळातून खाली कोसळला. जिथं माझी माणसं उभी असती, तिथले सहा कंटेनर कठड्यासकट समुद्रात गेले.

दुपारी साहेबांचा आवाज उतरला होता. “द्या ते पत्र, भाटकर. फाडून टाकू.”

“नको. कंपनीत जाऊ द्या,” मी म्हटलं. “हुकूम कुणी मोडला ते त्यात आहे. कुणी दिला, तेही आहे.”