बापाचं नाव

"बोल, बाई. मूल कुणाचं?" सभेच्या प्रमुखाने पुन्हा विचारलं.

ऑड्नीने बाळाच्या तोंडावर शाल ओढली. हनुवटीवरची ती बापासारखी खळी कुणाला दिसता कामा नये. अख्खं खोरं माळावर जमलं होतं.

तिच्या नवऱ्याला, व्हेमुंडला, याच सभेने कायद्याबाहेर काढलं होतं. म्हाताऱ्या उल्फारच्या मुलाला त्याने कुऱ्हाडीने मारलं होतं. व्हेमुंड दिसेल तिथे त्याला कुणीही मारावं. त्याला घास देईल त्यालाही शिक्षा. तो केव्हाच जहाजाने पळाला, असं सगळे धरून चालले होते. आणि आता हे तान्हं बाळ.

"नवऱ्याने समुद्रापलीकडून फुंकर मारली असेल!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

प्रमुख हसला नाही. "नाव सांगितलं नाहीस, तर व्हेमुंडचंच धरू. माणसं आजच डोंगरात जातील."

व्हेमुंड लपला होता ती गुहा फार लांब नव्हती. कालच ती तिथे सुके मासे ठेवून आली होती. कुणाचं नाव घ्यावं? ज्याचं घ्यावं त्याची बायको इथेच उभी. तिने बाळाला इतकं आवळलं की ते रडायलाच लागलं.

"माझं आहे."

गर्दी बाजूला झाली. काठी टेकत उल्फार पुढे आला.

"उल्फारबाबा, शुद्धीवर आहात ना?" प्रमुखाने विचारलं.

"बायको मेलीय माझी, मी नाही. पोरगं माझं. सगळे साक्षीला राहा."

त्याने शाल सारली. हनुवटीकडे जरा वेळ पाहिलं. मग मूल आपलं मानायच्या रीतीप्रमाणे खाली बसून सगळ्यांदेखत बाळाला मांडीवर घेतलं. माणसांनी ढालींवर शस्त्रं आपटली. ठरलं. मूल उल्फारचं.

ऑड्नी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "बाबा, हे उपकार कसे फेडू? तुमचा तर मुलगा…"

"उपकार कसले, पोरी?" बाळाला थोपटत म्हातारा फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला. "अंगावरचं दूध सुटलं की आणून दे, मी वाढवीन. आणि व्हेमुंडला निरोप सांग, मी आता त्याला शोधत नाही. या हातांना कुऱ्हाड पेलत नाही. मेलेल्याचा सूड भावाने घ्यायचा असतो. माझ्या मुलाला भाऊ नव्हता. आज झाला."