राजाचा आवाज

१९५६ सालची मंडईची जत्रा आठ दिवसांवर आली आणि नानाजींचा आवाज बसला तो बसलाच. गावच्या नाटकात वीस वर्षं राजा तेच व्हायचे. मंडळानं स्पष्ट सांगितलं, यंदा शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचला नाही तर मुकुट पुतण्याच्या डोक्यावर.

नानाजींनी चांद्याला जलालुद्दीनचं लाउडस्पीकरचं दुकान गाठलं. बॅटरीवर चालणारे दोन अँप्लिफायर टेबलावर होते.

"हा दमदार हाये भाऊ, पण माइकमंदी जोरात बोला लागते," जलालुद्दीन म्हणाला. "अन् हा नाजूक. सुई पडली तरी पकडते."

"हाच द्या. जोर असता तं तुमच्याकडं कायले आलो असतो?"

"सारंच पकडते बरं. मंग बोलू नोका."

"पकडू द्या ना. राजा गेला तं मी काय करू? घरी तं माहं कोणी आयकत नाई."

मंडईच्या रात्री अँप्लिफायर खरोखरच नाजूक निघाला. नानाजींनी वाक्य बोलायच्या आधीच, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून ते वाक्य हळूच पुरवणाऱ्या प्रॉम्प्टर बापूजीचा भरदार खर्ज तो भोंग्यातून मैदानभर पोचवायचा. दोन हजार माणूस शेवटपर्यंत जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची मंडळी नाटकाची सुपारी घेऊन आली आणि ओट्यावर बसलेल्या नानाजींनाच विचारू लागली.



"राजा कोणीही चालन भाऊ, त्या खड्ड्यातल्या माणसाचं घर कोणतं?"